ब्रिटनचे लोकगीत आणि कंट्री गायक: नवं काय ऐकताय?

रानजाई | २५ ऑक्टोबर २०२५, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी,

लीड्सला येऊन मला सहा वर्षं झाली. पहिल्या डिसेंबरात दुपारी पावणेचारलाच अंधार पडायचा आणि मी खोलीत दिवा लावून बसून राहायचे. शेजारच्या आजींनी ते पाहिलं आणि एका मंगळवारी हाताला धरून मला एका पबच्या माडीवर नेलं. वर वीस-पंचवीस माणसं गोल करून बसलेली. माईक नाही, स्टेज नाही. टोपी फिरते, त्यात दोन-तीन पौंड टाकायचे. ज्याची पाळी येईल तो बसल्या जागी डोळे मिटून गाणं सुरू करतो आणि ध्रुवपद आलं की अख्खी खोली ते उचलून धरते. मला आजोळच्या देवळातलं एकादशीचं भजन आठवलं. यॉर्कशरचे उच्चार निम्मे डोक्यावरून जात होते, पण साथ कुठे द्यायची ते बरोबर कळत होतं.

तेव्हापासून हे संगीत मी मनापासून ऐकते. इथे त्यावर कधी बोलणं झालेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगते. गेल्या दोन वर्षांत जे सगळ्यात ताजं ऐकलं ते म्हाताऱ्या माणसांचं आहे. इंग्लिश लोकगायक मार्टिन कार्थींचा 'ट्रान्सफॉर्म मी देन इन्टू अ फिश' या वर्षी २१ मे ला आला, त्यांच्या ८४ व्या वाढदिवशी. २००४ नंतरचा हा त्यांचा पहिला एकल अल्बम. १९६५ च्या पहिल्यावहिल्या अल्बममधली काही गाणी साठ वर्षांनी पुन्हा गायली आहेत. आवाज खरखरीत झालाय, श्वास तुटतो, पण शब्द असे ठेवतात की गोष्ट आत्ता समोर घडतेय. 'स्कारबरो फेअर' या जुन्या लोकगीताला शीमा मुखर्जींची सतार आहे (त्या पं. निखिल बॅनर्जींच्या भाची आणि शिष्या). पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातलं काम थांबलं. मर्क्युरी पारितोषिकाच्या (वर्षातल्या उत्तम ब्रिटिश-आयरिश अल्बमसाठीचं) यादीत एवढ्या वयाचं नाव याआधी कधी आलं नव्हतं. याच महिन्यात न्यूकासलच्या समारंभात ते सॅम फेंडरला मिळालं, पण मी त्या संध्याकाळी कार्थींसाठीच बसले होते.

दुसरा अल्बम लिंडा टॉमसन यांचा 'प्रॉक्सी म्युझिक', जून २०२४. त्यांचा आवाज आजारपणाने गेलाय. गाणी लिहिली त्यांनी आणि गायली इतरांनी: मुलगी कामी, मुलगा टेडी, द अनथँक्स, प्रोक्लेमर्स, रूफस आणि मार्था वेनराइट. मुखपृष्ठ रॉक्सी म्युझिक या बँडच्या पहिल्या अल्बमची नक्कल आहे, फक्त पोझ लिंडाबाईंची. बघून मन प्रसन्न होतं.

तर प्रश्न दोन. तुम्ही या मंडळींपैकी कोणाचं नवं ऐकताय? आणि जुनंच गाणं कोणी पुन्हा गायलं तर त्याला 'नवा अल्बम' म्हणाल का?

खलबत्ता | सकाळी १०:०५

वाचनखूण साठवली. सतारीवरचं स्कारबरो फेअर आत्ता लावलंय, परत येतो.

सातपुडा | सकाळी ११:१८

लेख आवडला, मत पटलं नाही. रानजाई, आपण स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्यांबद्दल बोलत असू तर कार्थी त्यात बसत नाहीत. ते परंपरेतली गाणी निवडतात, चाली जुळवतात, गिटारची त्यांची स्वतःची धाटणी आहे. फार मोठा माणूस. पॉल सायमन 'स्कारबरो फेअर'ची मांडणी लंडनमध्ये त्यांच्याकडूनच शिकला. पण कार्थी गीतकार नव्हेत.

नवं हवं असेल तर लॉरा मार्लिंगचा 'पॅटर्न्स इन रिपीट' ऐका, ऑक्टोबर २०२४. २०२० मध्ये तिने 'साँग फॉर अवर डॉटर' काढला होता. तेव्हा तिला मूल नव्हतं, मुलगी कल्पनेतली होती. तिला उद्देशून एक बाई काय काय सांगेल, असा तो अल्बम. मग २०२३ मध्ये खरंच मुलगी झाली आणि पुढचा अल्बम बाळाच्या सहवासात घरीच रेकॉर्ड झाला. अख्ख्या अल्बममध्ये ड्रम नाहीत. गिटार, आवाज, थोडी तंतुवाद्यं. पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला घरातली कुजबुज आणि तान्ह्या बाळाचा हुंकार ऐकू येतो.

हे दोन अल्बम पाठोपाठ ऐकावेत. पहिल्यात उपदेश आहे आणि दुसऱ्यात तो गळून पडलाय, कारण समोर खरं मूल आहे. माझ्या लेखी नवं म्हणजे हे. जे काल कोणाला लिहिता आलं नसतं.

नीराकाठ | दुपारी १२:३०

सातपुडा, +१. माझी मुलगी आता अकरा महिन्यांची आहे. रात्री अडीचच्या दुधाच्या वेळी एका कानात हाच अल्बम असायचा. त्यात 'ललबाय' नावाची अंगाईही आहे, आणि लय पाळण्याची आहे. इंग्रजी गाणी ऐकून मला सहसा रडू येत नाही. या अल्बमने आणलं.

वाचाताई | दुपारी १:१२

मी स्पीच थेरपिस्ट आहे, म्हणून लिंडा टॉमसन यांच्या आजाराबद्दल थोडं. स्पॅस्मोडिक डिस्फोनियामध्ये बोलताना किंवा गाताना स्वरयंत्राचे स्नायू आपोआप आवळले जातात. आवाज अडकतो, तुटतो, दाबून काढल्यासारखा येतो. घसा तपासला तर सूज नाही, गाठ नाही. मुळाशी मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या सूचनांमधला बिघाड असतो. बोट्युलिनमची इंजेक्शनं देऊन काही महिने आराम पडतो, मग परत. माझ्याकडे शाळेत शिकवणाऱ्या एक बाई येतात. "मनाला लावून घेऊ नका, सगळं ठीक होईल" हे वाक्य त्यांनी आठ वर्षं ऐकलंय. कोणीतरी आजाराचं नाव सांगितलं त्या दिवशी त्या माझ्यासमोर ढसाढसा रडल्या.

आवाज गेल्यावरही लिंडाबाई लिहीत राहिल्या आणि आपल्या ओळी दुसऱ्यांच्या गळ्यात ठेवल्या, याचं मोल मला फार वाटतं.

लोकगायिका शर्ली कॉलिन्स यांचं नाव अजून कसं कोणी घेतलं नाही? त्यांचाही आवाज सत्तरच्या दशकाच्या शेवटी गेला. १९७८ नंतर थेट २०१६ मध्ये 'लोडस्टार', तोही ल्युइस गावातल्या राहत्या घरी रेकॉर्ड केलेला. मग 'हार्ट्स ईज' २०२० मध्ये आणि 'आर्कएंजल हिल' २०२३ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी. आवाज तरुणपणापेक्षा कितीतरी खाली उतरलाय. पण त्यात कुठे सोंग नाही.

घाटावरचा | दुपारी २:४०

धाग्याच्या नावात कंट्री (मूळ अमेरिकन ग्रामीण संगीत) आहे म्हणून विचारतो. लोकगीतांचं समजू शकतो, ती त्यांच्या मातीतली आहेत. पण ब्रिटिश कंट्री हा काय प्रकार? हॅम्पशरच्या पोरी टेनेसीच्या उच्चारात धुळीचे रस्ते आणि पिकअप ट्रक यांवर का गातात? तिकडे तर पाऊस थांबत नाही, धूळ कुठून येणार? मला ते उसनं वाटतं.

मध्यलय | दुपारी ४:२२

घाटावरचे राव, धुळीचा मुद्दा मान्य! उसनं म्हणण्याबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहितो.

सेसिल शार्प हे नाव इथल्या काहींना माहीत असेल. १९०३ साली सॉमरसेटमध्ये एका माळ्याच्या तोंडून त्यांनी एक गाणं ऐकलं आणि पुढचं आयुष्य गाणी गोळा करण्यात घालवलं, सुमारे ५,००० चाली. १९१६ ते १९१८ या काळात ते मॉड कार्पेलीस यांना घेऊन अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियाच्या डोंगरांत फिरले. तिथल्या झोपड्यांमधून त्यांना काय सापडलं? इंग्लंड-स्कॉटलंडमधून गेलेल्या लोकांनी सोबत नेलेली जुनी कथागीतं. इंग्लंडमध्ये विसरत चाललेली, तिथे रोजच्या तोंडातली. अमेरिकन कंट्रीच्या अनेक मुळांपैकी एक जाड मूळ हे आहे. दुसरं काळ्या माणसांच्या संगीताचं. बॅंजो हे वाद्यच आफ्रिकेतून आलेल्या लोकांनी घडवलं.

आता आजचं. द शायर्स या जोडीचा 'ब्रेव्ह' २०१५ मध्ये ब्रिटनच्या पहिल्या दहा अल्बमांत गेला, ब्रिटिश कंट्रीच्या बाबतीत असं पहिल्यांदाच घडलं. पुढच्याच वर्षी हॅम्पशरच्या त्याच जुळ्या पोरींचा, म्हणजे वॉर्ड टॉमसचा 'कार्टव्हील्स' पहिल्या क्रमांकावर गेला. त्यांचा २०२३ चा 'म्युझिक इन द मॅडनेस' ऐका, त्यात ट्रक सापडणार नाही. 'कंट्री टू कंट्री' महोत्सव २०१३ पासून लंडनच्या ओटू सभागृहात भरतो, तिथे ऐकणारे हजारोंनी असतात.

आणि योला ही गायिका. ब्रिस्टलची. २०१९ चा 'वॉक थ्रू फायर' नॅशव्हिलमध्ये डॅन ऑअरबाखने निर्मित केला. तिचा आवाज ऐकून हे कोणाचं संगीत हा प्रश्न मनात येत नाही. या जानेवारीत तिचं 'माय वे' हे छोटं रेकॉर्ड आलं. ते मात्र कंट्रीपासून दूर, सोलकडे झुकलेलं आहे.

मोगरी | दुपारी ४:३१

म्हणजे कंट्री ही माहेरपणाला आलेली लेक. उच्चार सासरचे, तोंडवळा माहेरचा!

घाटावरचा | दुपारी ४:५०

मोगरी, हे भारी. मध्यलय, शार्पबद्दल माहीत नव्हतं, आभार. योला ऐकतोय. मुकाट्याने ऐकतोय.

ताम्हिणी | सायंकाळी ६:१५

सॅम लीचा 'साँगड्रीमिंग' (मार्च २०२४) राहून गेला. हा माणूस जिप्सी आणि भटक्या समाजांतल्या वृद्धांकडून गाणी शिकला. स्कॉटलंडचे स्टॅन्ली रॉबर्टसन हे त्याचे गुरू. तो जुन्या गाण्याचा एखादा धागा घेतो आणि त्यावर स्वतःचे शब्द चढवतो, त्यामुळे सातपुडा आणि रानजाई दोघांनाही चालेल.

दर वसंतात तो लोकांना रात्री रानात घेऊन जातो. शेकोटीभोवती गाणी होतात, मग सगळे अंधारात चालत नाइटिंगेल गातोय त्या झुडपापर्यंत जातात आणि गायक त्या पक्ष्याबरोबर गातात. १९२४ च्या मे महिन्यात सरेमधल्या आपल्या बागेत बिॲट्रिस हॅरिसन चेलो वाजवत होत्या, नाइटिंगेल साथ देत होता आणि बीबीसीने ते थेट प्रसारित केलं होतं. त्याच परंपरेतलं हे. मी ससेक्सच्या रानात एकदा गेले होते. थंडीने पाय बधिर झाले होते. तो पक्षी गायला लागला आणि चाळीस माणसांपैकी कोणीही खोकलंसुद्धा नाही.

खलबत्ता | सायंकाळी ६:४०

नाइटिंगेल म्हणजे आपला बुलबुलच ना?

पक्षीमित्र_वाई | सायंकाळी ७:०२

नाही हो. जुन्या भाषांतरांमुळे हा गोंधळ झालाय. फारसी-उर्दू काव्यातला बुलबुल म्हणजे नाइटिंगेल, पण आपल्या अंगणातला लालबुड्या बुलबुल हा वेगळाच पक्षी. नाइटिंगेल दिसायला तपकिरी, साधा. हिवाळा आफ्रिकेत काढतो, एप्रिलमध्ये इंग्लंडात येतो आणि नर रात्रीही गातो. तिथे त्यांची संख्या फार घटलीय, दाट काटेरी झुडपं राहिली नाहीत म्हणून. आपल्याकडे माळरानं गेली आणि माळढोक गेला, तसंच.

(अवांतर झालं, क्षमस्व. पण सॅम ली ऐकणार.)

बावधनकर | रात्री ८:२०

निक ड्रेकचा चाहता या नात्याने लिहितो. जुलैमध्ये 'द मेकिंग ऑफ फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट' आला. १९६९ च्या पहिल्या अल्बमच्या वेळची, याआधी न ऐकलेली ध्वनिमुद्रणं. पहिल्यांदा स्टुडिओत आलेला, विशीतला, लाजरा मुलगा. जिवंत होता तेव्हा तीन अल्बम, जेमतेम विक्री आणि १९७४ मध्ये, २६ व्या वर्षी मृत्यू. आज त्याच्या गावी, टॅनवर्थ-इन-आर्डनला, लोक लांबून जातात.

मुंबईशी त्याचं एक नातं आहे. निकचा जन्म रंगूनचा. वडील रॉडनी ड्रेक मुंबईच्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये इंजिनिअर होते. युद्धात जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्यावर आई मॉली दिल्लीला आल्या आणि बहिणीबरोबर आकाशवाणीवर गायल्या. मॉलीही गाणी लिहायच्या, घरच्या पियानोवर. ती घरगुती ध्वनिमुद्रणं त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाली. ऐकली तर कळतं, निकचा तो विचित्र, अर्धवट सुटलेला स्वर कुठून आला.

आता सातपुडांना प्रश्न: ५६ वर्षांपूर्वीचं, पण या वर्षी पहिल्यांदा ऐकू आलेलं. हे नवं की जुनं?

सातपुडा | रात्री ८:५५

अवघड जागी धरलंत बावधनकर. माझ्यासाठी नवं. मॉली ड्रेक माहीत नव्हत्या, शोधतो.

आईचा_हट्ट | रात्री ९:४८

माझा मुलगा इंग्लंडमध्ये असाच गातो. स्वतः लिहितो, गाडीत गिटार टाकतो, या गावाहून त्या गावी. म्हणून पैशाबद्दल लिहावंसं वाटतं.

कार्यक्रमानंतर टेबलावर विकलेल्या सीडी आणि रेकॉर्डवर ही मुलं पेट्रोलचा खर्च काढतात. मागच्या वर्षी एका सभागृहाने त्या विक्रीतही हिस्सा मागितला. सभागृहाचं भाडं वेगळं, तिकिटाचा वाटा वेगळा. रात्री त्याने फोन केला तेव्हा आवाजावरूनच कळलं. स्ट्रीमिंगवर हजार वेळा गाणं वाजलं तर चार-पाच पौंडही हातात पडत नाहीत. ज्यांना गाणं आवडतं त्यांनी एकदा तरी ते विकत घ्यावं, ही हात जोडून विनंती. बँडकॅम्प या संकेतस्थळावर घेतलं तर बहुतेक रक्कम थेट गायकाला जाते. काही ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटाही सोडतात.

मोठे महोत्सवही अडचणीत आहेत. केंब्रिजचा लोकसंगीत महोत्सव १९६५ पासूनचा, तो या वर्षी झाला नाही. मुलाला तिथे गायचं होतं.

धीर येतो तो सेथ लेकमनच्या गोष्टीने. 'किटी जे' हा अल्बम त्याने भावाच्या स्वयंपाकघरात ३०० पौंडांत केला आणि २००५ मध्ये तो मर्क्युरीच्या यादीत गेला. या फेब्रुवारीत त्याचा 'द ग्रॅनाइट वे' आला. माणूस अजून डेव्हनमधल्याच गोष्टी गातोय.

मोगरी | रात्री १०:०३

काकू, मुलाचं नाव इथे लिहू नका, पण दुवा व्यक्तिगत निरोपात पाठवा. मी घेते.

खलबत्ता | रात्री १०:०५

मलाही.

घाटावरचा | रात्री १०:११

मलाही पाठवा काकू.

नीराकाठ | २६ ऑक्टोबर, पहाटे ३:०५

बाळ जागं आहे, मीही. नव्या-जुन्याचा वाद परत वाचला. माझी पणजी जात्यावर ओव्या म्हणायची. चाल तीच. पहिल्या ओळी सगळ्या गावाला पाठ. मधेच एखादी ओळ तिची स्वतःची यायची, दीर बोलला असेल ते, भाऊ दिवाळीला आला नाही ते. ती ओळ दुसऱ्या दिवशी शेजारीण म्हणायची. मग ती कोणाची? गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, गाणारीच्या नावासकट. ते वाचायला घेतलं की पणजीला गीतकार म्हणायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

कृष्णाई | सकाळी ८:३०

नीराकाठच्या प्रतिसादाला जोडून अँजेलिन मॉरिसन यांचा 'द सॉरो साँग्ज'. २०२२ चा आहे, थोडा जुना, पण या चर्चेत तो हवाच. टॉपिक रेकॉर्ड्सने काढला (ही कंपनी १९३९ पासूनची, कामगारांच्या संगीत चळवळीतून निघालेली), निर्मिती एलायझा कार्थीची, म्हणजे मार्टिन कार्थींच्या मुलीची.

ब्रिटनमध्ये काळी माणसं शतकानुशतकं राहिली, पण लोकगीतांच्या संग्रहांत त्यांच्याबद्दल, त्यांच्या बाजूने गायलेलं फारसं काही मिळत नाही. मॉरिसनबाई मूळ बर्मिंगहॅमच्या, आता कॉर्नवॉलला असतात. त्यांनी ती गाणी स्वतः लिहिली, जुन्या गाण्यांच्या घाटात, लोकांना ध्रुवपद धरता येईल अशी. एक गाणं सिली बेटांवर १८३० साली वाहून आलेल्या, नाव कोणालाच ठाऊक नसलेल्या एका आफ्रिकन मुलावर आहे. त्याची कबर तिथे आहे. गाण्यात आई त्याला हाक मारते.

सातपुडा, शब्द सगळे तिचे. रानजाई, ऐकताना वाटतं दोनशे वर्षं कोणीतरी हे गात आलंय.

सातपुडा | सकाळी ९:४४

ऐकलं. दोनदा ऐकलं. कार्थींच्या बाबतीतलं माझं वरचं वाक्य जरा घाईचं होतं. गिटारवरची ती मांडणी हेही लिहिणंच आहे.

रानजाई | २९ ऑक्टोबर, रात्री ११:२०

उशिरा आले, कामाच्या पाळ्या बदलल्या होत्या. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मार्लिंगचे दोन्ही अल्बम सातपुडांनी सांगितलेल्या क्रमाने ऐकले. मॉरिसन आणि लेकमन बँडकॅम्पवरून घेतले. काकू, मुलाचंही घेतलं. तिसरं गाणं फार सुंदर आहे, त्याला आवर्जून सांगा.

आणि नीराकाठ, तुमचा प्रतिसाद डोक्यात घेऊन काल मंगळवारी माडीवर गेले. सहा वर्षांत मी तिथे फक्त साथ दिलीय. काल पाळी आली तेव्हा "पुढे जा" म्हटलं नाही. आजीची ओवी गायले. अर्थ आधी दोन वाक्यांत सांगितला: पहाटेचा अंधार, दगडी जातं, समोर बसलेली दुसरी बाई. तिसऱ्या ओवीपर्यंत त्यांनी शेवटचं 'गं बाई' उचललं. यॉर्कशरच्या उच्चारात, पंचवीस माणसांनी. शेजारच्या आजींनी घरी येताना विचारलं, दुसरी बाई काय गाते? मी म्हटलं तेच, पण पुढची ओळ तिची.

वाचाताई | रात्री ११:३४

रानजाई, काटा आला वाचून. ध्वनिमुद्रण आहे का?

रानजाई | रात्री ११:४१

नाही हो, तिथे फोन खिशातच ठेवायची पद्धत आहे. पुढच्या मंगळवारी सगळ्यांना विचारून बघते. नीराकाठ, तुमच्या पणजीची दिवाळीला न आलेल्या भावाची ओळ पूर्ण आठवत असेल तर पाठवा. ती म्हणायची आहे, त्यांचं नाव सांगून.